कंपाउंडबाहेरचा पहिला नाताळ

थोडं लांब झालंय. सुट्टीत निवांत वाचा.

बावीस वर्षं मी नाताळची बातमी लिहिते आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून धुळ्यात पहिली नोकरी लागली, त्याच वर्षी डेस्कवरून सांगण्यात आलं, "नाताळचं तुम्हीच बघा मॅडम, तुमचाच सण." तेव्हापासून ते खातं माझ्याकडे. पेपर बदलले, बातमीचा साचा तोच. 'शहर व परिसरात नाताळ उत्साहात. चर्चवर आकर्षक विद्युत रोषणाई. ख्रिस्ती बांधवांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या.' सोबत सांताक्लॉजची टोपी घातलेल्या पोराचा फोटो. चोवीसच्या रात्री ही बातमी फाईल करायची नि मग घरी जाऊन उद्याच्या मटणाचं वाटण करायचं.

त्या बातमीतला 'बांधव' हा शब्द मला कायम टोचत आलाय. बांधव म्हणजे भाऊबंद, घरचा माणूस. पण बातमीत हा शब्द नेमका त्यांनाच लागतो जे आपल्या गल्लीत राहत नाहीत.

यंदाचा नाताळ माझ्यासाठी वेगळा होता. जळगावात घेतलेल्या नव्या घरातला हा पहिला. आणि आमच्या घराण्याचा कंपाउंडबाहेरचाही पहिला. त्याबद्दलच लिहायचंय.

कंपाउंड म्हणजे काय, ते खान्देशातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेतले आणि स्वीडनमधले मिशनरी या भागात आले. भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात त्यांनी शाळा, दवाखाने, बोर्डिंगं काढली. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिमेचं मुख्य ठिकाण धुळे, पूर्वेचं जळगाव. मिशनच्या जागेला भिंत असायची. आत चर्च, शाळा, पाळकसाहेबांचं घर, मिशनमध्ये काम करणाऱ्यांच्या कौलारू चाळी आणि एक विहीर. हे कंपाउंड.

माझ्या सासऱ्यांचे आजोबा छप्पनच्या दुष्काळातलं पोर. संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. आईबाप वाटेत गेले आणि कोणीतरी त्यांना मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं. कुठल्या गावाहून आणलं ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. त्यामुळे "तुमचं मूळ गाव कोणतं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. इतरांना गाव असतं, गावात पडकं का होईना घर असतं, भाऊबंदकीत अडकलेली दोन बिघे जमीन असते. आमचं गाव म्हणजे कंपाउंड. आणि कंपाउंडातली जमीन ट्रस्टची. चार पिढ्या तिथे जन्मल्या, वाढल्या, गेल्या, पण दाराच्या कडीवरही कोणाची मालकी नव्हती.

तिथला नाताळ मात्र श्रीमंत. पंधरा डिसेंबरपासून रोज रात्री गाणारी पोरं पेटी, ढोलकी, झांज घेऊन घरोघर फिरायची. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा कधी कधी एक आकड्यावर येतो. कानाला मफलर, हातात वाफाळता चहा. शंकरपाळे, चकल्या, करंज्या चाळीत सगळ्या बाया मिळून करायच्या, आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. सुरूची फांदी आणून झाड व्हायचं. गोठा पऱ्हाट्यांचा, वर कडबा. बर्फासाठी कापूस. बेथलेहेमात बर्फ पडतो की नाही हे आम्हाला कोणी विचारलं नाही, कापूस घरचाच होता.

आणि कोणाला काही समजावून सांगावं लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली जळगावला झाली. मीही इथल्याच एका पेपरात आले. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. वाटलं होतं, एकाच खान्देशातून खान्देशात जायचंय, त्यात काय.

घर शोधताना मालकांचे प्रश्न ठरलेले असतात. नोकरी कुठे, माणसं किती, गाडी कोणती. मग चौथा प्रश्न येतो. "आडनाव काय म्हणालात?" आमचं आडनाव मराठ्यांत सापडतं, दलितांत सापडतं, आदिवासींतही सापडतं. त्यामुळे मालकाचं समाधान होत नाही. "म्हणजे तुम्ही कोणते?" मी सांगायची, ख्रिश्चन. मग एक छोटीशी शांतता. पुढे उत्तरं वेगवेगळी. "घरात म्हातारी आई आहे, तिला चालणार नाही." "तुम्ही नॉनव्हेज करत असणार." "एक पार्टी आधी येऊन गेली, त्यांचं फायनल आहे." ती पार्टी पुढचे तीन महिने काही राहायला आली नाही, पाटी तशीच लटकत होती.

मटणाबद्दल खरं सांगते. नाताळला आमच्याकडे मटण होतं. होतंच. पण हायवेवरचे ढाबे शनिवारी रात्री एकट्या ख्रिस्ती लोकांच्या जिवावर भरतात असं कोणी म्हणू नये. आख्ख्या महाराष्ट्रात आम्ही २०११च्या जनगणनेनुसार १० लाख ८० हजार. शंभरात एकसुद्धा पुरा भरत नाही. काळ्या मसाल्याचा एवढा रस्सा आम्हाला संपणार कसा?

सात घरं झाली, आठवं मिळालं. सगळ्या मालकांनी नाकारलं असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. एकाने फक्त एवढंच विचारलं, पाणी एक दिवसाआड येतं, चालेल का?

पत्रकार म्हणून कायदा बघितला. राज्यघटनेचं कलम १५(२) सांगतं की दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता इथे धर्म-जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. त्या यादीत भाड्याची खोली नाही. शिवाय २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात निकाल दिला, की सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम अशी सोसायटी करू शकते. म्हणजे विहिरीवर मला कोणी अडवलं तर मी घटना दाखवू शकते, दारात अडवलं तर नाही. आणि आता विहिरी कोण वापरतं?

दोन वर्षं भाड्याने राहिलो. दोन्ही नाताळ धुळ्याला जाऊन कंपाउंडात केले. भाड्याच्या घरात सण मांडावा असं कधी मनात आलंच नाही. मग कर्ज काढून या वर्षी फ्लॅट घेतला. इंडेक्स-टूवर दोघांचं नाव लागलं त्या दिवशी सासूबाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. चार पिढ्यांत पहिला कागद. कंपाउंडातले काही जण नाराजही झाले, तेही सांगते. "बाहेर कशाला घर घेतलं? पोरांना आपलं वातावरण मिळणार नाही." भिंत दोन्ही बाजूंनी बांधलेली असते. बाहेरचे तिला 'ती वस्ती' म्हणतात, आतले 'आपलं वातावरण'.

डिसेंबर लागला आणि प्रश्न आला चांदणीचा.

कंपाउंडात प्रत्येक दारावर चांदणी असायची. बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ, पतंगी कागद, आत बल्ब. जर्मनीत नीस्की नावाच्या गावी मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३०च्या दशकात भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाची चांदणी करून घेत, ती पुढे नाताळची म्हणून जगभर गेली. आमच्या सासूबाईंना नीस्की माहीत नाही, भूमितीही माहीत नाही, पण पाच कोन त्या डोळे झाकून जुळवतात. आणि मुळात ती करायची पद्धत दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच. त्याच कामट्या, तीच खळ.

दिवाळीला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या गॅलऱ्यांत कंदील होते. आमच्याही होता, मुलीने हौसेने लावला होता. नाताळच्या आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. 'बिल्डिंगचा लूक एकसारखा राहावा म्हणून गॅलरीबाहेर कोणीही काहीही लावू नये ही विनंती.' नाव कोणाचं घेतलेलं नव्हतं. खाली तीन अंगठे.

त्या रात्री आमच्या घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला, "आत लावू, हॉलमध्ये. उगाच नवीन जागी वाद नको." तो भित्रा नाही. अलीकडे कुठे कुठे नाताळच्या कार्यक्रमांत गोंधळ झाल्याच्या बातम्या येतात, त्या मीच त्याला वाचून दाखवलेल्या असतात. त्याला पोरांची काळजी होती. सासूबाई कोपऱ्यात कामट्या तासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आते घर आपलं शे ना? मंग भ्यावानं काय?"

चांदणी आतही लावता आली असती, उजेड तेवढाच पडला असता. पण कर्ज आपण फक्त चार भिंतींसाठी काढत नाही. भाड्याच्या घरात माणूस आवाज कमी ठेवून राहतो, सणसुद्धा आतल्या खोलीत करतो. स्वतःच्या घरातही तसंच राहायचं असेल तर भाडेकरूपण संपलं कुठे? मालक बदलला एवढंच.

वीस तारखेला चांदणी बाहेर लागली. लाल-पिवळी, थोडी डावीकडे कललेली.

ग्रुपवर दोन तास कोणी काही लिहिलं नाही. मग आमचे चेअरमन काका, झेडपीतून रिटायर झालेले, एरवी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल लिहिणारे, त्यांनी एक ओळ टाकली. 'दिवाळीला चालले ते नाताळलाही चालेल.' बस. पुढे मोटार दुरुस्तीचा हिशेब सुरू झाला. मी त्यांना भेटून आभार मानले तर म्हणाले, "आभार कसले? नियम सगळ्यांना सारखा, एवढंच लिहिलं." बावीस वर्षांत मी सर्वधर्मसमभावावरची पुष्कळ भाषणं कव्हर केली आहेत. त्यांतलं एकही या उत्तराइतकं उपयोगी पडलेलं नाही.

मग फराळाची ताटं. बिल्डिंगमध्ये आमच्याशिवाय तेरा बिऱ्हाडं. सासूबाईंचा हिशेब सरळ होता, तेरा ताटं. चोवीसच्या दुपारी मुलगा आणि मुलगी ताटं घेऊन निघाले. शेजारच्या काकूंनी रुमाल बाजूला केला आणि म्हणाल्या, "माय वं! हे तर आपलंच फराळ हाये!" त्यांना वाटलं होतं केक असेल. केकही होता, पण करंजी, चकली, शंकरपाळे, चिवडा बघून त्यांचा जो चेहरा झाला, तो मी विसरणार नाही. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला हाच फराळ होतो हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. त्यांची चूक नाही. आम्ही भिंतीच्या आत तळत होतो, वास बाहेर जाणार कसा?

तेरापैकी अकरा घरांनी ताट घेतलं. एका ठिकाणी "आम्ही बाहेरचं घेत नाही" म्हणून दार लागलं. एका ठिकाणी उपास निघाला. खरा असेलही. मुलगा ते ताट घेऊन परत आला तेव्हा त्याला मी काय सांगणार होते? म्हटलं, "त्यांचं राहिलं, आपण खाऊ." तो पाचवीत आहे. त्याने खाल्लं नाही.

संध्याकाळी अकरा ताटं परत आली. आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. कोणाच्या ताटात मेथीचे लाडू, कोणाच्या दोन डझन केळी, एकीत घाईघाईत टाकलेली मूठभर साखर. काकूंनी पातेलंच आणलं, वांग्याचं भरीत. डिसेंबर म्हणजे जळगावात भरताचे दिवस. तुराट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडजीत ठेचलेली, वर कांद्याची पात. नाताळच्या आदल्या रात्री भरीत-पुरी आम्ही पहिल्यांदाच खाल्ली. पुढच्या वर्षीही खाणार.

रात्री साडेनऊला चर्चची गाणारी मंडळी आली. पेटी, ढोलकी, स्पीकर नाही. दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही हे आमच्या मंडळीला कोणापेक्षाही जास्त पाठ आहे. पार्किंगमध्ये गोल करून त्यांनी सुरुवात केली तशी वरच्या गॅलऱ्यांत एकेक दिवा लागला. तिसऱ्या गाण्याला काकू खाली आल्या, दोन बाया अजून. एकीने मला हळूच विचारलं, "हे तर भजन वाटतंय. अभंगासारखं."

अभंगासारखंच आहे. ही मंडळी गातात त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८६१ साली जन्मलेला रत्नागिरीकडचा ब्राह्मण, १८९५ साली ख्रिस्ती झाला. पण ख्रिस्ताला त्यांनी आणलं ते तुकोबांच्या वाटेने, अभंग, ओव्या, कीर्तन करत. पोर्तुगीजांच्या 'नाताल' या शब्दाचा आपण 'नाताळ' करून टाकला, तसंच काहीसं टिळकांनी सगळ्या धर्माच्या भाषेचं केलं.

आणि या टिळकांचं जळगावशी एक नातं आहे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. त्यात आपल्या धरणगावचा सतरा वर्षांचा एक पोरगा कविता म्हणून गेला आणि सभा थक्क झाली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे. टिळकही त्या संमेलनाला होते. पुढे या मुलाला त्यांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं, त्याचे रुसवे काढले. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते सगळं माहीत आहे.

त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने बाटलेल्या घरात राहायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. टिळकांच्या घरावर बहिष्काराचे सगळे प्रकार होऊन गेलेले होते. तरी त्या घराने "तू कोणता?" असं न विचारता खान्देशच्या मुलाला जागा दिली. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. आज जळगावहून भुसावळला जाताना लागणारं तेच भादली. बालकवींच्या कविता शाळेत सगळ्यांनी पाठ केल्या. त्यांना घर कोणी दिलं होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

म्हणून आडनावापाशी अडणाऱ्या मालकांचा मला राग कमी येतो, आश्चर्य जास्त वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आता का जमत नाही?

मला वाटतं, आपली गावं हळूहळू कंपाउंडांची होत चालली आहेत. आमच्या मिशन कंपाउंडला निदान भिंत होती, ती दिसायची. आता अमुक समाजाची कॉलनी, तमुक समाजाचं नगर, ठरावीक लोकांनाच फ्लॅट देणारा बिल्डर. मुस्लिम मित्रांना घर शोधताना काय ऐकावं लागतं ते विचारा, आमचे सात नकार फारच थोडे वाटतील. बौद्ध शिक्षकांना विचारा. पोरं आपापल्या कंपाउंडात वाढतात, एकमेकांचा सण मोबाइलवर बघतात आणि मग मोबाइलवर कोणी काहीही पाठवलं तरी खरं मानतात. कारण ताडून बघायला शेजारी तसं घरच नसतं.

माझ्या मुलीने पंचवीसच्या रात्री एक प्रश्न विचारला. दिवसभरात पंधरा-वीस लोक येऊन गेले होते आणि प्रत्येकाला तिने गोठा म्हणजे काय, मेंढपाळ कोण, झाड कशाला, सांताक्लॉज आमचा देव नाही, हे सगळं सांगितलं होतं. दमून म्हणाली, "आई, आपण नाताळ साजरा केला की समजावून सांगितला?" ती नववीत आहे. दिवाळीला तिच्या मैत्रिणींना कोणी काही विचारत नाही, हे तिला कळतं. तिला मी खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, "या वर्षी समजावून सांगितला. पुढच्या वर्षी कमी सांगावं लागेल." आजी म्हणाली, "आणि करंज्या जास्त लागतील."

नाताळची गोष्ट मुळात एका जोडप्याची आहे, ज्यांना परगावी उतारशाळेत जागा मिळाली नाही. दिवस भरलेली बाई, रात्रीची वेळ, आणि सगळीकडे 'जागा नाही'. कोणीतरी गोठा उघडून दिला म्हणून पुढचं सगळं झालं. दरवर्षी आम्ही ती कापसाचा बर्फ लावून मांडतो. यंदा पहिल्यांदा ती मला धर्माची कमी आणि घरभाड्याची जास्त वाटली.

म्हणून शुभेच्छांसोबत एक विनंती. कायद्यात भाड्याची खोली येईल तेव्हा येईल. तोवर तुमची एखादी खोली, एखादा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर भाडं विचारा, डिपॉझिट विचारा, नोकरी विचारा, पोलिस व्हेरिफिकेशन करा, करार अकरा महिन्यांचाच करा. पाणी एक दिवसाआड येतं तेही सांगा. फक्त तो चौथा प्रश्न गाळा. तेवढ्याने जग बदलणार नाही, पण एका कुटुंबाची सात घरं वाचतील.

चांदणी एक तारखेपर्यंत राहणार आहे. फराळाचा डबा अजून अर्धा आहे. जळगावात असाल तर या.

नाताळच्या आणि येणाऱ्या नवीन वर्षाच्या शुभेच्छा!